आधी प्रवक्त्याला सांगा

माननीय मंत्रिमहोदय यांस,
सविनय नमस्कार.

परवाच्या पत्रपरिषदेत तुमच्या प्रवक्त्यांना आम्ही एकच प्रश्न चार वेळा विचारला : आदेशावर सही झाली का? चारही वेळा त्यांनी हातातल्या कागदाची घडी उलगडली, परत घातली आणि 'माहिती घेऊन सांगतो' म्हणाले. तासाभरात तुम्हीच एका वाहिनीला बाइट दिलात, सही कालच झाली म्हणून. मी खाली उतरलो तेव्हा प्रवक्ते जिन्यात उभे राहून मोबाइलवर तोच बाइट ऐकत होते.

त्यांना तोंडघशी पाडायचा तुमचा हेतू नसेल. 'त्याला ठाऊकच नसलं तर बातमी फुटणार नाही' हा हिशेब बहुतेक मंत्री करतात. पण तो अंगलट येतो. ऑक्टोबर १९८३ मध्ये ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावरच्या देशावर अमेरिका चढाई करणार का, असं एका बातमीदाराने विचारलं. व्हाइट हाउसचे प्रवक्ते लॅरी स्पीक्स यांनी आत चौकशी केली, आतून मिळालेलं 'भलतंच काहीतरी' हे उत्तर बाहेर येऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सैन्य उतरलं. स्पीक्स खोटं बोलले नव्हते. त्यांच्या तोंडून खोटं वदवून घेतलं गेलं. ऐकणाऱ्याला त्यातला फरक कसा कळावा?

अमेरिकेचेच अध्यक्ष फोर्ड यांचे प्रेस सेक्रेटरी जेराल्ड टरहोर्स्ट मूळचे पत्रकार. वॉटरगेट प्रकरणात पायउतार झालेले आधीचे अध्यक्ष निक्सन यांना माफी देण्याचा विचार नाही, असं त्यांना आतून सांगण्यात आलं होतं आणि तेच त्यांनी बातमीदारांना सांगितलं. ८ सप्टेंबर १९७४ ला माफी जाहीर झाली. ती मनाला पटत नाही, असं कळवून त्यांनी त्याच दिवशी पद सोडलं. जेमतेम महिना झाला होता.

आणि ९ नोव्हेंबर १९८९ ची पूर्व बर्लिनमधली ती संध्याकाळ. परदेश प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांच्या हाती ऐन वेळी पडला होता. चर्चेला ते नव्हतेच. नियम दुसऱ्या दिवसापासून लागू करायचे होते. पत्रपरिषदेत 'कधीपासून?' असं विचारल्यावर त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, ताबडतोब. त्याच रात्री बर्लिनच्या भिंतीची फाटकं उघडावी लागली. त्या घोटाळ्यातून लोकांचं भलं झालं खरं, पण म्हणून तुम्ही त्या भरवशावर राहू नका.

आम्ही बातमीदारही काही धुतल्या तांदळासारखे नाही. प्रवक्त्याची जीभ घसरली की आमची हेडलाइन होते, आणि त्याने प्रामाणिकपणे 'माहीत नाही' म्हटलं की आम्ही त्याचीच टर उडवतो. तरी एक सांगतो. जर्मनीत सरकारी प्रवक्ते आठवड्यातून तीनदा पत्रकारांच्याच संघटनेकडे पाहुणे म्हणून जातात; कुणी विचारायचं, ते पत्रकार ठरवतात. ही रीत १९४९ पासूनची. पाहुण्याला माइक बंद करून उठता येत नाही, त्यामुळे तयारी करूनच जावं लागतं. तुमच्याकडे माइक तुमचा, हॉल तुमचा, वेळही तुमचीच. तयारी तेवढी कुणाचीच नाही. मग दुसऱ्या दिवशी 'विधानाचा विपर्यास केला' अशी सारवासारव.

प्रवक्त्याला बैठकीत खुर्ची द्या. निर्णय होताना तो तिथे असू दे; काय सांगायचं नाही तेही त्याला कळू दे, म्हणजे 'आज सांगता येणार नाही' असं तो सरळ म्हणू शकेल. ते आम्ही ऐकून घेऊ.

बुधवारी पुन्हा पत्रपरिषद आहे. माझा प्रश्न आत्ताच कळवून ठेवतो : तो आदेश लागू कधीपासून? मंगळवारी रात्रीपर्यंत त्यांना सांगून ठेवा.

आपला,
मागच्या रांगेतला एक बातमीदार