आप्पांचा हेळवाकचा चहा

कराड,
रविवार, ११ मे २०२५

प्रिय अव्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ धाडली नाही. फोन केलास तेव्हाही 'हात ग्रीसचे आहेत, रात्री करतो' म्हणून ठेवून दिला, आणि ती रात्र काही आली नाही. खरं कारण सांगतो. तुझ्या आप्पांची बुलेट धड चालत नव्हती आणि तुझ्याशी बोलायला तोंड नव्हतं. तू विश्वासानं चावी हातात ठेवलीस आणि गाडी इकडे पडवीत नुसती उभी. आज सांगण्यासारखं काहीतरी आहे, म्हणून बसलोय.

आमची तब्येत ठीक. आईची साखर आटोक्यात आहे.

तर ऐक. इंजिन जानेवारीतच बांधून आलं. बोअर, ओव्हरसाइझ पिस्टन, रिंगा, सगळं नवं. कॉम्प्रेशन असं की डिकम्प्रेसर ओढून आतला दाब सोडल्याशिवाय किक हलत नाही. पण सकाळी तीस-तीस किका मारूनही काही नाही. चोक धरला तर चार ठोके देऊन बंद. प्लग काढून बघितला, ठणठणीत कोरडा. कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल पोचत नाही, हे आप्पांनीच शिकवलेलं. मिकार्ब, म्हणजे कार्बोरेटर, खोलला. सहा वर्षं तुझ्या गोठ्यात उभी राहून आतलं पेट्रोल उडून गेलेलं, बाउलच्या तळाला लाखेसारखा थर. पायलट जेट, पेट्रोल जायची ती बारीक भोकाची नळी, उजेडाकडे धरला तर आरपार काही दिसेना. रात्रभर थिनरमध्ये बुडवला, वायरमधली तांब्याची एक तार सोलून घातली, तेव्हा कुठे सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. (लोखंडी तार घालायची नाही. छिद्र मोठं झालं की जेट गेला.) एअर स्क्रू पुरता आवळून दीड फेरा मागे घेतला. सकाळी अँपिअरचा काटा मध्यावर आणला, डिकम्प्रेसर ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवला, आणि तिसऱ्या किकला गाडी बोलली. आई देवघरातून उठून बाहेर आली. "आप्पा आले काय रे?" म्हणाली.

तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. पण पुढच्याच रविवारी मल्हारपेठेच्या अलीकडे गाडी मिसिंग मारायला लागली, सायलेन्सरमध्ये दोन-तीनदा फाट-फाट वाजलं आणि मेली. अर्धा तास झाडाखाली बसलो. मग एका किकला चालू! घरी येईपर्यंत परत एकदा तेच. पुढच्या रविवारीही तेच.

दोन महिने, अव्या, दोन महिने मी त्या कार्बोरेटरच्या मागे होतो. फ्लोटची उंची बघितली, नीडलची खाच वर-खाली केली, कॉकची जाळी धुतली, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं केलं. मग पेट्रोलवर घसरलो. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबरांना मानवत नाही. ते खरंच आहे, सगळे वॉशर आणि नळी बदलली. पण गाडी थांबायची ती थांबायचीच.

आणि दरवेळी मला १९९१ चा कुंभार्ली घाट आठवायचा. पोफळीच्या वरच्या वळणावर तू म्हणत होतास कचरा आलाय, मी म्हणत होतो करंट गेलाय. रस्त्यावर कार्ब खोललास, नीडलची क्लिप गवतात उडाली, ती शोधताना तू मला जे बोललास ते मी इथे लिहीत नाही, पत्र आई वाचते. क्लिप मिळाली, कार्ब बसवला, गाडी चालू झाली, आणि चिपळूणपर्यंत तू पाठीमागून 'बघ, कचराच होता' म्हणत होतास. लग्नातसुद्धा पाहुण्यांना सांगितलंस!

परवा मल्हारपेठेला बंद पडली तेव्हा दिवस मावळला होता. सवयीनं प्लग काढला. ओला. पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे पेट्रोल येतंय. मग करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटचं झाकण काढलं आणि एका पोराला हळूहळू किक मारायला सांगितली. अंधारात स्पष्ट दिसलं, पॉइंट उघडला की त्याच्या दोन टोकांमध्ये जाडसर पिवळी ठिणगी उडत होती. दोन्ही टोकं जळून काळी. कन्डेन्सर! पॉइंट उघडताना जो करंट उडी मारू बघतो तो कन्डेन्सरनं गिळायचा असतो, तरच कॉइलमधून प्लगला जोरकस ठिणगी मिळते. आपला कन्डेन्सर थंड असताना काम करायचा आणि सिलिंडरची धग लागली की हात टेकायचा. गाडी निवली की परत शहाणा. इंजिन बांधताना मी तोच जुना ठेवला, कारण तो आप्पांच्या वेळचा होता, काढवेना.

नवा आणून टाकीखाली, धगीपासून लांब बसवला. पॉइंट घासून गॅप ०.३५ मिलिमीटर केला. आज ऊन डोक्यावर असताना पाटणपर्यंत जाऊन आलो. कुठे थांबली नाही.

म्हणजे कुंभार्लीत तू काही दुरुस्त केलं नव्हतंस. क्लिप शोधण्यात अर्धा तास गेला आणि गाडी निवली, एवढंच. माझा करंट बरोबर होता. ३४ वर्षांनी का होईना, मान्य कर.

काळजी अजून एक आहे. गरम झाल्यावर रेस सोडली तरी इंजिन लवकर खाली बसत नाही. कार्बच्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारला की ठोका बदलतो, म्हणजे तिथून हवा खातेय. नट जास्त आवळून फ्लँज वाकलाय. कुणी आवळले असतील हे मी विचारत नाही, तू पाना हातात घेतलास की बोल्ट रडायचे. काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासतोय, रोज थोडा. ते नीट झाल्याशिवाय घाटात घालणार नाही. घाट चढली तरच मी तिला बरी झाली म्हणेन, आणि तो चढवायला तू हवास.

पिंकीचा निकाल कळला, तिला माझ्याकडून पेढे दे. बडोद्याच्या बदलीचं काय झालं? वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळ्याआधी उरकून घ्या.

आणि काकूंना एक विचार. आप्पा चिपळूणला जाताना हेळवाकला अर्धा तास चहाला थांबायचेच, कितीही उशीर झाला असला तरी. आपण चिडायचो, आठवतं? कप रिकामा झाला तरी उठायचे नाहीत, मधून मधून इंजिनाला नुसता हात लावून बघायचे. त्यांना ठाऊक होतं का रे? काकू इतकी वर्षं मागे बसायच्या, त्यांना नक्की सांगितलं असणार. विचार आणि लगेच कळव.

तुझा,
बाळ्या