रंगवलेल्या बाटल्या आम्ही घेत नाही

संपादक महोदय,

सांगलीत शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या बाजूला माझं भंगारचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. जानेवारीत एका शाळेचा शिपाई दोन पोती घेऊन आला. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ प्रदर्शन उरकल्यावरचा माल. बाटल्यांना ऑइल पेंट, वर लेस आणि टिकल्या, बुडाला थर्माकोल, सगळं ग्लूगननं पक्कं चिकटवलेलं. दोन्ही पोती मी परत पाठवली. साधी बाटली मी वजनावर घेतो, पण लेस-रंगाची पुढचा कारखानदार घेत नाही. टिकाऊ तर ती झाली नाहीच, विकाऊही राहिली नाही.

पुढच्याच महिन्यात जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या बाई चौथीची पोरं घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही माल कसा ओळखता ते दाखवा.’ मी बादलीत पाणी घेतलं आणि विचारलं, बाटली बुडेल का तरंगेल? पोरं ओरडली, तरंगेल! बूच लावलेली बाटली आतल्या हवेमुळं तरंगलीच. मग कात्रीनं तिचा तुकडा कापून पाण्याखाली दाबून सोडला. तो तळाला गेला. टोपणाचा तुकडा मात्र कितीही दाबला तरी वर. बाटली ‘पेट’ (PET) नावाच्या प्लास्टिकची, पाण्यापेक्षा जड; टोपण वेगळ्या प्लास्टिकचं, पाण्यापेक्षा हलकं. कारखान्यात दळलेला माल याच युक्तीनं वेगळा करतात. (2019 च्या महापुरात हा प्रयोग मला फुकट बघायला मिळाला होता. टोपणांची पोती वाहून गेली, चेपलेल्या बाटल्या गाळात सापडल्या.)

मग चुंबक दिला. पत्र्याचा डबा चिकटला, कोल्ड्रिंकचा ॲल्युमिनियमचा कॅन नाही. एका पोरीनं स्वतःच्या डब्यातला स्टीलचा चमचा लावून पाहिला, तोही चिकटेना. ‘काका, हे लोखंड न्हाई?’ लोखंडच, पण निकेल मिसळलेलं, आणि आमच्यात त्याला भाव जास्त. ती पोरगी मग तासभर दुकानातली प्रत्येक वस्तू तपासत फिरली, माझा वजनकाटासुद्धा.

वेफर्सच्या पाकिटाशी मात्र सगळी अडली. आतून चकचकीत, चुंबकाला दाद नाही, पाण्याचाही उपयोग नाही. प्लास्टिकच्या थरांवर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, तो सुटा होत नाही, म्हणून आम्ही घेत नाही, असं सांगितलं. तर एकजण म्हणाला, ‘मग करतात कशाला?’ यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

राज्यात 2018 ला प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून शाळांच्या भिंतींवर घोषणा वाचतोय. कुठलं प्लास्टिक भंगारात जातं आणि कुठलं कचऱ्यात, हे एकाही भिंतीवर मी तरी वाचलेलं नाही. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा असतो, तो वाचायला पोरांना पाच मिनिटं लागली.

प्रदर्शनं बंद करा असं म्हणत नाही, पालकांना तेवढीच हौस. पण शाळांत आता आनंददायी शनिवार असतो. एखाद्या शनिवारी वर्गात बादली आणि चुंबक ठेवा, किंवा पोरांना घेऊन सरळ दुकानात या. फक्त पायात बूट घालून आणा, पत्र्याचे तुकडे पडलेले असतात.

– एक भंगारवाला, सांगली