‘हार्मोनल अ‍ॅक्ने किट’बाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: दिशाभूल करणारी जाहिरात, वेष्टनावरील अपुऱ्या सूचना आणि किटची रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. पाळी जवळ आली की माझ्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने खोल, दुखरे मुरुम येतात. आपले किट ‘हार्मोन्सचे संतुलन साधून २१ दिवसांत मुरुम मुळापासून घालवते’ असे जाहिरातीत छातीठोकपणे सांगितले असल्याने मी ते ऑनलाइन मागवले. त्यात सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, ग्लायकोलिक अ‍ॅसिडचे सीरम आणि रेटिनॉलची (‘अ’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) नाईट क्रीम आली. तिन्ही वस्तू पहिल्या दिवसापासून रोज वापराव्यात, एवढीच सूचना सोबतच्या इंग्रजी कागदावर होती.

मी त्या सूचनेबरहुकूम वापर केला. थोड्याच दिवसांत नाकपुड्यांलगत आणि ओठांच्या कोपऱ्यांत कातडी सोलू लागली व घाम आला की चेहऱ्याची आग होऊ लागली. कापूस वेचणीचे दिवस असल्याने आम्ही बाया सकाळपासून वावरात असतो. तोंडाला दुपट्टा बांधलेला असतो, आणि त्याची घडी जबड्यावर जिथे घासते नेमक्या तिथेच काळपट डाग पडले, जे अजूनही गेलेले नाहीत. ग्लायकोलिक अ‍ॅसिडमुळे त्वचा उन्हाला अधिक हळवी होते, हे आपल्या तज्ज्ञांना नक्कीच ठाऊक असणार. तरीही किटमध्ये सनस्क्रीन नाही आणि ते लावावे असे कागदावर एका शब्दाने लिहिलेले नाही.

आपल्या कस्टमर केअरला फोन केला असता, ‘आतली घाण बाहेर पडते आहे, वापर सुरू ठेवा’ असे उत्तर मिळाले. पुन्हा फोन केल्यावर सील उघडलेले असल्याने पैसे परत मिळणार नाहीत, असे सांगून विषय संपवण्यात आला. सील न उघडता क्रीम चेहऱ्याला सोसते की नाही हे ग्राहकाने कसे ओळखावे, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

अखेर मजुरी बुडवून मी यवतमाळला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी तिन्ही वस्तू बंद करायला लावल्या आणि कातडी शांत होईपर्यंत सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर व सकाळी किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन एवढेच ठेवले. त्यानंतर अ‍ॅडापॅलिन या मुरुमांवरच्या औषधाचे जेल, तेही एक दिवसाआड रात्री, वाटाण्याएवढे घेऊन पूर्ण चेहऱ्याला लावायचे, असे लिहून दिले. अँड्रोजेन या हार्मोनच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, त्यातून छिद्रे बुजतात आणि मुरुम येतात. वरून लावलेले औषध छिद्रे मोकळी ठेवते, सूज कमी करते, पण शरीरातील हार्मोन्स बदलत नाही, हे त्यांनी मला समजावले. चांगल्या औषधालाही फरक दिसायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी करावी लागते. मग २१ दिवसांचा दावा आपण कशाच्या आधारावर केला, हे मला लेखी कळवावे.

सर्वांत गंभीर बाब पुढे आहे. माझ्या जाऊबाई गरोदर आहेत, आणि चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्याने त्यांनी हीच क्रीम लावायला मागितली होती. गरोदरपणात रेटिनॉलसारखे घटक टाळावेत असा वैद्यकीय सल्ला असतो. आपल्या डबीवर मात्र तशी सूचनाच नाही, आणि रेटिनॉल हा शब्द घटकांच्या यादीत इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत आहे की तो वाचायला डबी उजेडात धरावी लागते. आमच्या आशाताईंनी तो वाचला म्हणून क्रीम वापरली गेली नाही. जिथे त्वचेचा डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, तिथे बाई डबीवरच्या मजकुरावरच विसंबते. आपण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पार्सल पोहोचवता, तर मराठीत इशारा छापणे आपल्याला जड जाऊ नये.

तरी किटची पूर्ण रक्कम व डॉक्टरांचा खर्च मला परत द्यावा, २१ दिवसांचा व हार्मोन्स संतुलनाचा दावा जाहिरातीतून काढावा, आणि गरोदरपण, ऊन व टप्प्याटप्प्याने वापर याबाबतच्या सूचना मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत द्याव्यात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

बिल, डबीवरील बॅच क्रमांकाचे छायाचित्र, चेहऱ्याची छायाचित्रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

आपली ग्राहक
(नाव व पत्ता ऑर्डरच्या नोंदीप्रमाणे)