मत्स्यालयाचे पाणी उपसू नका, आधी गढूळपणा ओळखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या अनेक शहरांत नळ कुठे चार दिवसांनी येतो, कुठे आठ दिवसांनी. 2016 च्या एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा भागात घरी पाच-सहाशे लिटरची मासेटाकी ठेवणे अनेकांना उधळपट्टी वाटते आणि त्यात त्यांची चूक नाही. टाकी पांढुरकी दिसली की नळाच्या दिवशी सगळे पाणी उपसायचे, वाळू काढून धुवायची, फिल्टरचा स्पंज धारेखाली खसाखसा चोळायचा आणि नवे पाणी भरायचे, हीच रीत सगळीकडे दिसते. चार दिवसांत पाणी पुन्हा दुधाळ होते आणि पुन्हा उपसा सुरू होतो. यात पाणीही जाते आणि मासेही. खरे म्हणजे गढूळपणाच्या बहुतेक प्रकारांत पाणी बदलावेच लागत नाही, आणि नीट बांधलेल्या मोठ्या टाकीला आठवड्याला तीन बादल्या पाणी पुरते. ते कसे, हे मांडण्यासाठी हे पत्र.

उदाहरण म्हणून 6 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 2 फूट उंच टाकी घेऊ. वरचा काठ आणि वाळूची जागा सोडली तर तिच्यात साधारण 570 लिटर पाणी राहते. काच 12 मिलिमीटरचीच घ्यावी. पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर नाही, पाण्याच्या उंचीवर ठरतो. तरी इतक्या लांब समोरच्या काचेवर एकूण जोर सुमारे 300 किलोचा येतो आणि काच मधोमध बाहेर फुगू पाहते. म्हणून वरच्या कडेला आतून 4 इंच रुंद काचपट्ट्या पुढे-मागे लांबीभर आणि मधे एक-दोन आडव्या लावाव्यात. तळाची काच 1830 बाय 610 मिमी, पुढची आणि मागची तेवढीच, ती तळावर उभी राहते. बाजूच्या दोन काचा मात्र रुंदीला 583 मिमी कापाव्यात, कारण त्या पुढच्या-मागच्या काचांच्या मधे बसतात आणि सिलिकॉनला जागा लागते. कडा घासून घ्यायला काचवाल्याला आवर्जून सांगावे.

सिलिकॉन शंभर टक्के शुद्ध, व्हिनेगरसारखा वास येणारे आणि बुरशीनाशक नसलेले हवे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते माशांना विष ठरते. कडा ॲसिटोनने पुसल्यावर बोट लावू नये. सगळ्या काचा एकाच बैठकीत जोडाव्यात, कारण वाळलेल्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन नीट चिकटत नाही. गळती झाली की वरून थापलेली ठिगळे टिकत नाहीत, ती याच कारणाने. आतला जुना थर पूर्ण खरवडूनच नवा द्यावा लागतो. आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्के होते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते सावकाश पक्के होते आणि आतला भाग बराच काळ मऊ राहतो. पुस्तकी हिशेबाने सात दिवस थांबायचे असेल, तर उन्हाळ्यात दहा-बारा दिवस थांबावे आणि खोलीत ओली पोती टांगावीत.

गळती तपासायला टाकी 48 तास भरून ठेवावी लागते. ते पाणी फेकू नये. त्याच पाण्यात वाळू धुवावी आणि उरलेले झाडांना घालावे. काच, पाणी, वाळू, दगड आणि स्टँड मिळून वजन 800 किलोच्या वर जाते आणि ते सगळे 12 चौरस फुटांवर बसते. घराच्या स्लॅबचा हिशेब साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो चल भाराचा, म्हणजे माणसे आणि सामान यांच्या वजनाचा असतो. त्यामुळे टाकी तळमजल्यावरच बरी. वर ठेवायचीच असेल तर भिंतीलगत, तुळईवर, आणि इंजिनिअरला विचारून. स्टँडची पातळी पाण्याच्या नळीने तपासावी आणि काचेखाली एक इंच थर्माकोल घालावा. टाकी खिडकीसमोर नको. का, ते पुढे येईलच.

आता वाळू. नव्या टाकीतला निम्मा त्रास इथेच पेरला जातो. दीड इंच थराला 65 ते 70 किलो वाळू लागते. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, दगडाची भुकटी असते आणि नदीच्या वाळूत काळ्या मातीचा गाळ आणि चुनखडीचे खडे असतात. मूठभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर ती वाळू पाण्याचा जडपणा वाढवत राहणार, म्हणून दुसरी शोधावी. धुताना घमेल्यात पाच-पाच किलोच घ्यावी आणि वरचे पाणी स्वच्छ येईपर्यंत हात फिरवत राहावे; एकदम पोते ओतून नळी सोडली की मधली वाळू तशीच राहते. टाकी भरताना वाळूवर ताट ठेवून त्यावर धार सोडावी.

फिल्टरसाठी आपल्याकडे बंद डब्यापेक्षा टाकीखालची दुसरी टाकी, म्हणजे सम्प, जास्त सोयीची आहे. वरच्या टाकीच्या काठावरून पाणी तिच्यात उतरते, गाळले जाते आणि पंप ते परत वर पाठवतो. बंद डब्यात पाणी अडकून पडते. वीज तीन-चार तास गेली की आतल्या, पाणी शुद्ध करणाऱ्या जीवाणूंचा प्राणवायू संपतो, ते मरू लागतात आणि वीज आल्यावर तो सडका गाळ थेट टाकीत येतो. असा डबा असेल तर लांब भारनियमनानंतर तो उघडून, टाकीच्याच पाण्यात धुऊनच पुन्हा सुरू करावा. सम्प 3 फूट बाय सव्वा फूट बाय सव्वा फूट असावा, सुमारे 130 लिटरचा, पण चालू असताना निम्माच भरलेला. कारण पंप थांबला की वरच्या टाकीतली पातळी खाली येते आणि या टाकीत एका इंचाला 28 लिटर पाणी उतरते. परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक छोटे भोक ठेवले की उलटा सायफन तिथेच तुटतो. हे भोक विसरले तर रात्री वीज गेली की सकाळी फरशीवर पाणी. पंप 4 फूट उंचीवर तासाला 3000 लिटरच्या आसपास देणारा हवा. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, म्हणून 4000 चा घ्यावा. गाळण्यासाठी उशीत भरतात तो पॉलिएस्टर कापूस चालतो. साधा कापूस सडतो. जीवाणूंच्या घरासाठी सिरॅमिक रिंग नसतील तर स्वच्छ धुतलेले भाजक्या विटेचे तुकडेही चालतात.

एवढे करूनही पाणी गढूळ झाले तर पांढऱ्या कपात किंवा काचेच्या पेल्यात थोडे पाणी घेऊन आधी प्रकार ओळखावा.

भरल्यावर पहिल्या तासाभरातच पाणी करडे झाले असेल तर ती वाळूची धूळ. पंपाच्या तोंडावर पॉलिएस्टर कापसाचा दाट थर द्यावा आणि तो रोज बदलावा. दोन-तीन दिवसांत पाणी निवळते. टँकरच्या पाण्यातली बारीक माती मात्र कापसातूनही जाते आणि दिवसेंदिवस तरंगत राहते. तिला तुरटी लागते, पण टाकीत नाही. वेगळ्या 200 लिटरच्या पिंपात 5 ग्रॅम तुरटी विरघळवून ढवळावी, रात्रभर ठेवावे आणि तळाचे सहा इंच सोडून वरचे पाणी घ्यावे. माशांच्या टाकीत तुरटी फिरवली तर पाण्याचा आम्लपणा एकाएकी बदलतो आणि बसलेला साका वाळूतच राहतो. निवळीचे बी किंवा शेवग्याच्या बिया पिंपासाठी ठीक. टाकीत त्या स्वतःच जीवाणूंचे खाद्य होतात.

भरल्यानंतर दुसऱ्या ते सातव्या दिवशी दुधासारखे पाणी झाले, तर तो जीवाणूंचा बहर. सर्वांत जास्त टाक्या याच प्रकारात उपसल्या जातात आणि सर्वांत कमी गरजही इथेच असते. पाण्यात विरघळलेल्या अन्नावर जगणारे हे जीवाणू तासाभरात दुप्पट होऊ शकतात. माशांच्या विष्ठेतला अमोनिया खाणारे जीवाणू मात्र फिल्टरला चिकटून राहतात आणि दुप्पट व्हायला त्यांना जवळपास एक दिवस लागतो. पहिले धावतात, दुसरे मागून चालत येतात. मधल्या दिवसांत पाणी पांढरे दिसणारच. अशा वेळी सगळे पाणी बदलून क्लोरीनच्या धारेत स्पंज धुतला की चालत येणारेच मरतात आणि शर्यत पुन्हा सुरुवातीपासून. करायचे एवढेच: खाद्य तीन-चार दिवस बंद, हवेचा पंप अहोरात्र चालू, फिल्टरला हात नाही. तीन ते दहा दिवसांत पाणी आपोआप नितळ होते. अपवाद एकच. टाकीत मासे असतील आणि चाचणीत अमोनिया वाढलेला दिसला तर एक चतुर्थांश पाणी बदलावे, क्लोरीन काढून आणि तेवढ्याच तापमानाचे. आपल्या बोअरच्या पाण्याचा पीएच (आम्लपणा-खारेपणा सांगणारा आकडा, 7 म्हणजे मधला) बहुधा 8 च्या आसपास असतो आणि 7 पेक्षा 8 वर विषारी अमोनियाचे प्रमाण जवळपास दहापट होते. त्यामुळे इकडे अमोनियाकडे दुर्लक्ष परवडत नाही.

हे टाळायचे तर मासे आणण्याआधी फिल्टर तयार करावा. सम्पसह सुमारे 635 लिटर पाण्यात 4 ग्रॅम शुद्ध नवसागर (अमोनियम क्लोराइड) टाकला की लिटरला सुमारे 2 मिलिग्रॅम अमोनिया मिळतो. नवसागर प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा, कल्हईसाठी मिळणारा अशुद्ध असू शकतो. अमोनिया संपला की पुन्हा तेवढाच टाकायचा. चोवीस तासांत अमोनिया आणि त्यापासून जीवाणू बनवतात ते, माशांना विषारी नायट्राइट, दोन्ही शून्यावर येऊ लागले की टाकी तयार. याला चार ते सहा आठवडे जातात. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज नव्या सम्पमध्ये पिळला तर हा काळ खूपच कमी होतो.

तिसरा पांढरेपणा खास आपल्या मातीचा आहे आणि तो बहुतेकांना ओळखू येत नाही. काळ्या पाषाणातून आलेले बोअरचे पाणी जड असते. ते टाकीत तापले, हवेने ढवळले गेले, की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना बारीक भुकटीसारखा वेगळा होतो. पेल्यात व्हिनेगरचे काही थेंब टाकून ढवळावे. पाणी नितळ झाले तर तो चुना, तसेच पांढरे राहिले तर जीवाणू. चुना असेल तर औषधाच्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत, कापसाचा थर बदलत राहावे. वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. उन्हाळ्यात या टाकीतून रोज तीन ते सात लिटर पाणी उडते, ती तूट पुन्हा बोअरच्या पाण्याने भरली की जडपणा चढतच जातो. तूट साठवलेल्या पावसाच्या किंवा आरओच्या शुद्ध पाण्याने भरावी. आरओमधून बाहेर टाकले जाणारे पाणी त्यासाठी कधीही वापरू नये, त्यात क्षार आणखी दाट असतात. आणि मासेही पाण्याला साजेसे निवडावेत: गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल किंवा मलावी सरोवरातले सिक्लिड. आरोग्य विभाग डासांसाठी हौदांत सोडतो तो गप्पी आपल्या जड पाण्यात मजेत राहतो. डिस्कस आणि निऑन टेट्रा या मऊ पाण्यातल्या माशांचा हट्ट इथे धरू नये.

कपातले पाणी हिरवे दिसले तर शेवाळ. कारण खिडकीतले ऊन किंवा बारा-बारा तास चालणारा दिवा. टाकी जाड गोधडीने चार-पाच दिवस पूर्ण झाकावी, हवा चालू ठेवावी, कारण मरणारे शेवाळ प्राणवायू खाते. नंतर दिवा सहा ते आठ तासच. पुन्हा पुन्हा होत असेल तर सम्पवर 18 वॉटचा यूव्ही दिवा बसवावा. चहासारखा पिवळेपणा लाकडाचा असतो, निरुपद्रवी आहे.

दर आठवड्याला बदलायच्या तीन बादल्या पाण्यातला क्लोरीन हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) स्फटिकांनी निघतो: 100 लिटरला 1 ग्रॅम, आधी कपभर पाण्यात विरघळवून. टँकरच्या पाण्याला टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, उग्र वास असेल तर दुप्पट. काढलेले पाणी, अमोनियापासून शेवटी बनणाऱ्या नायट्रेटमुळे, फुलझाडांना उत्तम खत आहे. स्पंज धुवायचा तो याच काढलेल्या पाण्यात, आणि सगळे स्पंज एकाच दिवशी नाही. मे महिन्यात पाणी 32 अंशांच्या वर गेले की पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. आपल्या कोरड्या हवेत तो दोन ते चार अंश सहज उतरवतो. 25 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 ला जेमतेम 7, म्हणून दुपारची वीज जाण्याआधी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा.

शेवटी मत्स्यालयाच्या दुकानदारांना विनंती. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकू नका. गिऱ्हाईक थांबायला तयार नसेल तर महिनाभर तुमच्या चालू टाकीत भिजलेला एक स्पंज ओल्या पिशवीत बांधून द्या आणि पहिल्या पंधरवड्यात पाच-सहा लहान माशांच्या वर देऊ नका.

आपले,
घरगुती मत्स्यालये बांधणारे काही जण,
लातूर