तंग पुन्हा आवळ

अमळनेर,
१६ नोव्हेंबर

प्रिय दिल्या,

काल फोनवर तू मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या नव्या बॅगांचं इतकं कौतुक सांगत होतास की मध्येच तोडणं जिवावर आलं. पुण्याहून धुळे, मग दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा आणि वर तोरणमाळ, तेही या वयात मोटरसायकलवर! जरूर ये. पण "सीटवरून दोन वेल्क्रोचे पट्टे टाकले की झालं" म्हणालास, तिथे माझ्या पोटात गोळा आला. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र.

मागच्या दिवाळीनंतर मी लेकीच्या होस्टेलवर निघालो होतो, चाळीसगावहून कन्नड घाटाने संभाजीनगरला. हिने डाव्या बॅगेत कपडे भरले आणि उजवीत पाच किलो कळण्याचं पीठ, उडदाचे पापड, लोणच्याची बरणी. घाटाच्या पायथ्याशी भाकरी भाजल्याचा असा खमंग वास आला की भूक खवळली. म्हटलं, जवळपास ढाबा असणार. दोन वळणं गेली तरी वास सोबतच! शेवटी रस्त्याकडेचा एक पोरगा ओरडला, "ओ भाऊ, थैली जयी राहिनी तुन्ही!"

उजवी बॅग सरकत सरकत सायलेन्सरवर जाऊन बसली होती. नायलॉन वितळून तळहाताएवढं भोक, त्यातून पीठ गळतंय आणि तापलेल्या नळीवर खरपूस होतंय. भाकरी माझीच भाजत होती म्हण ना. लोणचं वाचलं. हिला अजून खरं सांगितलेलं नाही, बॅग चोरीला गेली म्हणालो.

नंतर शांतपणे बघितलं तर चूक एक नव्हती. आमच्याकडे तेव्हा मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला आणि बॅगा त्याच खोलीत खुंटीला. वेल्क्रोच्या आकड्यांत इतका कापूस अडकला होता की पट्टा चिकटल्यासारखा वाटायचा, धरत मात्र नव्हता. तू जुन्या टूथब्रशने तो साफ करत जा, पण भरवसा बकलवरच ठेव. दुसरं, उजवीकडे वजन जास्त. प्रत्येक गतिरोधकाला जोडी बोटभर उजवीकडे. आता मी दोन्ही बॅगा रद्दीवाल्याच्या हातकाट्यावर तोलतो. हसू नकोस. जड सामान तळाशी आणि पुढच्या बाजूला, मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे. शेपटाकडे वजन गेलं की हँडल हलकं होऊन डुलतं.

आणि खरी गोम इथे आहे: सीटवरचा पट्टा बॅगेला फक्त टांगतो. मागे-पुढे, आत-बाहेर हलू नये म्हणून खालून बांधावं लागतं. पुढचा पट्टा मागच्या पायदानाच्या ब्रॅकेटला, मागचा कॅरिअरच्या नळीला. इंडिकेटरच्या दांड्याला अजिबात नाही, तो तुटतो. शॉकअ‍ॅब्सॉर्बरलाही नाही, तो खालीवर होतो आणि पट्टा ढिला करतो. डावीकडे साडीगार्ड असल्यामुळे बॅग चाकात जात नाही. उजवीकडे सायलेन्सर आहे, तिथे वेल्डिंगवाल्याकडून सळईची चौकट करून घे. बॅग आणि सायलेन्सर यांच्यात चार बोटं जागा हवी. मागे कुणाला तरी बसव आणि बॅगेचा तळ चाकाला लागत नाही ना तेही बघ.

पट्ट्यांची लोंबती टोकं दुमडून रबराने बांध. साखळीत गेली तर बॅग राहिली बाजूला, मागचं चाकच जाम होईल. आकडेवाले रबरी दोर तर घरीच ठेव. आकडा सुटला की सरळ डोळ्याकडे येतो. आमचे दूधवाले ट्यूबच्या पट्ट्यांनी कॅन आवळतात. रेनकोट वरून दाबायला तेवढी एक पट्टी पुरते, पण सगळा भार रबरावर नको. ताणतं म्हणजेच सोडतंही.

आपल्या या बॅगा म्हणजे जुनी पडशीच रे, दोन पोटांची. घोड्याच्या पाठीवरून उतरून मोटरसायकलवर आली इतकंच. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी एका म्हाताऱ्या सौदागराला खोगीर कसताना पाहिलं होतं. तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा पट्टा, आवळला, घोड्याला चार पावलं चालवलं आणि पुन्हा आवळला, दोन भोकं आत गेला. मी विचारलं तर म्हणाला, "हा लबाड पोट फुगवून उभा राहतो. चालला की श्वास सोडतो."

बॅग तशीच लबाड असते. अंगणात भरलेली, फुगलेली, आवळलेली. पाच-दहा किलोमीटर हादरे बसले की कपडे खाली बसतात आणि पट्टा सैल. म्हणून पुण्याबाहेर मोशी गेली की थांब. चहा घे, दोन्ही हातांनी बॅगा हलवून बघ आणि पट्टे पुन्हा ओढ. त्यानंतर पेट्रोलला थांबशील तेव्हा एकदा हात लाव, पुरे. तोरणमाळचा घाट चढण्याआधी शहाद्यात मात्र नीट बघ, वर वळणं भारी आहेत.

दत्तजयंतीच्या सुमारास आलास तर सारंगखेड्याची यात्राही होईल आणि तो म्हातारा भेटलाच तर तुझ्या बॅगा त्यालाच दाखवू. परतीसाठी दोन्हीकडे तीन-तीन किलो जागा ठेव. भरिताची वांगी द्यायची आहेत. एकाच बाजूला कोंबू देणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बापू