ताशा आहे, ढोल नाही

पुणे, १४ जुलै

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या चार गाण्यांना मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ अल्बमसारखा गिटारचा आवाज हवा, असं तू कळवलंस. रेकॉर्डिंगला तीन आठवडे उरलेत, म्हणून सविस्तर लिहिते. त्या अल्बममधून उजवा हात उचल, अँपचे नॉब उचलू नकोस.

मेटॅलिकाचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड, त्याचा उजवा हात हेच त्या अल्बमचं खरं धन. वेगातसुद्धा तो पिक बहुतेक वेळा खालच्याच दिशेने मारतो. खाली-वर मारलं तर दर दुसरा ठोका हलका पडतो. सगळे खाली मारले की सगळे सारख्या वजनाचे येतात. ‘ब्लॅकन्ड’ या पहिल्या गाण्याची सुरुवात उलट्या फिरवलेल्या गिटारनी होते, ती सोड. त्यानंतरची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ, हेडफोन लावून ऐक आणि दोन ठोक्यांच्या मधे कान दे. तिथे काहीच नाही. तळव्याची कड ब्रिजवर, म्हणजे तारा गिटारच्या अंगाला अडकतात तिथे, टेकून तार दाबलेली आहे आणि ठोका झाल्याबरोबर आवाज छाटलेला आहे. ती छाटणी हाताची आहे, कुठल्याही पेडलची नाही. ‘वन’च्या उत्तरार्धात मशीनगनसारखा भाग येतो, तिथे बास ड्रम आणि गिटार सहा-सहाच्या गटात एकत्र पडतात आणि एकत्रच थांबतात. जोर त्या थांबण्यात आहे. तुमच्या दुसऱ्या गाण्यात ड्रम थांबल्यावर तुझी गिटार पुढे रेंगाळते, ते आधी दुरुस्त कर.

आता उणी बाजू. सध्या नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झालाय. आपल्या गच्चीवर संध्याकाळी ढोलाचे ठोके पोचतात, ताशा मात्र जवळ गेल्याशिवाय कळत नाही. या अल्बमचं नेमकं उलटं आहे. ताशा कानाशी कडकडतोय आणि ढोल कोणीतरी घरीच ठेवून आलंय. बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही.

त्यांचा बासवादक क्लिफ बर्टन सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला आणि त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८च्या या अल्बमसाठी त्याने बहुतेक ठिकाणी हेटफिल्डचीच रिफ एक सप्तक खाली वाजवली. मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकमेकांत बसवणं, स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांनी केलं. बासचा आवाज कमी करायचा आग्रह ड्रमर लार्स उलरिकचा होता, असं थॉम्पसनने पुढे मुलाखतीत सांगितलं. निर्माता फ्लेमिंग रासमुसेन मिक्सिंगच्या वेळी तिथे नव्हता. त्याच रासमुसेनच्या १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधलं ‘ओरायन’ लावून बघ, बास किती मोकळा गातो! २०१८च्या नव्या आवृत्तीतही फरक पडला नाही, कारण ते नुसतं रीमास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरच शेवटचा हात फिरवणं, होतं. ट्रॅक पुन्हा मिक्स झालेच नाहीत.

पण नुसता बासचा आवाज वाढवूनही पूर्ण भागलं नसतं. गिटारची खालची मोकळी तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते, बासची ४१ला. गिटारचा मधला पट्टा कापून खालचा फुगवला की दाबलेल्या तारेचा धप्पा १०० ते २०० हर्ट्झमध्ये जाऊन बसतो, म्हणजे थेट बासच्या अंगावर. त्यात दोघांची एकच रिफ. मग बास वेगळा कळणार कसा? बास ड्रमचाही टकटक करणारा भागच पुढे आहे आणि सगळ्यावर घुमारा जवळपास नाही, म्हणून पूर्ण अल्बम कोरडा, धारदार लागतो. ती धार मला आवडते. पण नऊ गाणी, पासष्ट मिनिटं, सतत तीच धार म्हटल्यावर कान थकतात. शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं आहे, त्यातली दोन मिनिटं सहज कापता आली असती. ‘टू लिव्ह इज टू डाय’ तेवढंच लांब, पण त्यातलं एक सेकंदही काढू नये. बर्टनच्या मागे राहिलेल्या सुरावटी आहेत त्यात.

तर तुम्ही काय करायचं? गेन, म्हणजे अँपमध्ये आवाज किती फाटतो त्याचा नॉब, तुला वाटतो त्यापेक्षा कमी ठेव, दहापैकी पाच. जास्त गेनने सगळे ठोके एका उंचीचे होतात आणि पिकचा आघात मरतो. मिड, म्हणजे मधल्या पट्ट्याचा नॉब, पाच-सहावर ठेव, शून्यावर नेऊ नकोस. खोलीत एकटीने वाजवताना मिड काढलेला आवाज भरदार वाटतो, पण ड्रम सुरू झाले की गिटार गायब होते. प्रत्येक रिफ दोनदा वेगवेगळी वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाका. एकच टेक कॉपी केला तर रुंदी येत नाही, आवाज फक्त मोठा होतो. गिटारचा ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापून टाकायला सांग, ती जागा बास आणि बास ड्रमची. बासला थोडं डिस्टॉर्शन द्या, म्हणजे ७०० ते १००० हर्ट्झमध्ये त्याची खरखर राहील आणि फोनच्या स्पीकरवरही तो कळेल. आणि तुमच्या बासवाल्याला प्रत्येक गाण्यात निदान एका जागी तुझी रिफ सोडून वेगळं काही वाजवू दे. तिसऱ्या गाण्याचं कडवं त्याला चांगलं आहे, तिथे तू नुसते लांब कॉर्ड धर.

तारा आदल्या दिवशी बदल, १०-४६ जाडीचाच संच. नव्या तारा ताणून, पुन्हा पुन्हा सुरात लावून घे, नाहीतर पहिला तासभर त्या उतरत राहतात. प्रत्येक टेकआधी ट्यूनर बघायचाच. डावी-उजवी बाजू सुरात एवढीशी जरी हलली, तरी दाबलेल्या तारांचा तो स्वच्छ काप चिखल होतो.

मिक्सची पहिली फाइल आली की मला पाठव, बास झाकला जातोय का ते ऐकून कळवते.

तुझी,
आई