क्लबहाऊस वाळूच्या टेकडीमागे हवे

मा. संपादक,
स. न.

समुद्रकिनाऱ्यावरील रिसॉर्टांच्या वास्तुरचनेविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. क्लबहाऊस परिसरात मिसळून जावे, हे म्हणणे मनापासून पटले. मात्र लेखाचा सगळा भर दगडी लाद्या, बांबू आणि मातकट रंग यांवर आहे. किनाऱ्यालगतची पहिली वाळूची टेकडी सपाट करून तिथे इमारत उभी केली, तर तिला कोणताही रंग द्या, ती उपरीच राहणार. आधी ठरवायला हवे ते इमारतीची जागा आणि उंची.

कॅलिफोर्नियातील 'सी रँच' या वसाहतीची आखणी करताना भूदृश्य-रचनाकार लॉरेन्स हॅलप्रिन यांनी तिथल्या वाऱ्याचा बारकाईने अभ्यास केला होता. १९६६ मध्ये बांधलेल्या तिथल्या क्लबचा पोहण्याचा तलाव आणि टेनिस कोर्ट मातीच्या उंच बांधांआड आहेत. बांध वारा अडवतात आणि बांधकामाचा बराच भाग गवताळ माळात झाकला जातो. त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये लेसा येथे वास्तुरचनाकार अल्वारो सिझा यांनी खडकांमध्येच समुद्रस्नानाचे तलाव बसवले आणि कपडे बदलण्याच्या खोल्या रस्त्याच्या पातळीखाली ठेवल्या. त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्या माणसाला समुद्र पूर्वीसारखाच दिसतो. मला हे फार मोलाचे वाटते, कारण समुद्र काही फक्त रिसॉर्टच्या पाहुण्यांचा नसतो.

वाळूच्या टेकडीबद्दल थोडे अधिक. वादळी लाटा तिची वाळू ओढून नेतात, समुद्र शांत झाला की ती हळूहळू परत येते, आणि मर्यादवेलीसारख्या वनस्पती ती धरून ठेवतात. ही ये-जा चालू राहिली तरच मागची जमीन सुरक्षित राहते. म्हणून क्लबहाऊस टेकडीच्या मागे असावे आणि पाण्याकडे जायला खांबांवर उचललेली लाकडी पायवाट असावी, म्हणजे वेली तुडवल्या जाणार नाहीत.

हिरवळीचा हट्टही सोडायला हवा. किनाऱ्यावर जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. हिरवळीसाठी केलेल्या उपशामुळे गोड्या पाण्याची पातळी १ मीटर खाली गेली, तर खाऱ्या पाण्याची सीमा ढोबळमानाने ४० मीटर वर येऊ शकते. तिथलीच खारट वारा सोसणारी झुडपे लावली, तर पुढे पाणीही फारसे लागत नाही.

दिव्यांचा मुद्दा लेखात मुळीच नाही. कासवांची पिल्ले रात्री उजेडाच्या दिशेने धावतात. गच्चीवरचे पांढरे झगझगीत दिवे त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे वळवतात. जिथे कासवे अंडी घालतात, तिथे दिवे खाली झुकलेले, आडोसा असलेले आणि पिवळसर-तांबूसच हवेत.

आपणांस एक विनंती आहे. अशा प्रकल्पांची देखणी चित्रे छापताना सोबत आराखड्याचा उभा छेदही, म्हणजे जमीन आणि इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारे रेखाचित्रही, छापावा. भरतीची रेषा, टेकडीचा माथा, इमारतीचे जोते आणि छप्पर कोणत्या पातळीवर आहेत, हे वाचकांना तिथे स्वतःच पाहता येईल.

आपला,
एक नियमित वाचक